गुरुवारच्या यादीचा खोडरबर

मित्रांनो, एक डोळा मिटा. दुसऱ्यासमोर वड्याचा तेलकट कागद धरा. आता समोर कोण उभं आहे, सांगा पाहू. नाही ना सांगता येत? जनीआजीला वर्षभर असंच दिसत होतं, आणि त्यात माझाही दोष होता.

मी एक जुना खोडरबर आहे. कारखान्यातून आलो तेव्हा मला स्ट्रॉबेरीचा वास येत असे. माझी भावंडं मुलांच्या कंपासपेट्यांत गेली. मी पनवेलच्या एका दवाखान्यात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या यादीपाशी आलो.

तिथल्या डॉक्टर कुमुदताईंनी ती यादी मुद्दाम पेन्सिलीने ठेवली होती. गुरुवारी कुणाला ताप आला, तर त्याचं नाव खोडून लगेच पुढच्याला बोलवायचं. एकही जागा फुकट जात नसे. वर्षाची रांग चार महिन्यांवर आली. "माझा अर्धा दवाखाना हा रबर चालवतो," असं त्या म्हणत. मी फुगून जाई.

मग त्यांची बदली झाली. यादी कारकून भगवानरावांकडे गेली. कुणा मोठ्या माणसाची चिठ्ठी आली की ते मला उचलत. बिनचिठ्ठीचं नाव पुसायचं, चिठ्ठीवाल्याचं बसवायचं. रांग पुन्हा वर्षाची झाली. लोक माझ्याकडे विंचवाकडे बघावं तसं बघत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

एका गुरुवारी उरणकडच्या कोळीवाड्यातून जनीआजी तिसऱ्यांदा आली. सोबत सहावीतली नात, पूर्वी. नीट दिसत नसल्याने मासे कापताना आजीचा अंगठा चिरला होता. त्यावर फडकं बांधलेलं.

"यादीत नाव नाही. पुढच्या महिन्यात या," भगवानराव मान वर न करता म्हणाले.

"मागल्या दोन येलेला पन तू हेच बोललास. मना बोंबील कंचा न् वाकटी कंची, कलत नाय."

"मग मासे विकू नका."

"तुजे घरी आनून टाकते. तूच निवडून दे."

मागे कुणीतरी हसलं. भगवानरावांनी रागाने पुढच्या महिन्याच्या तारखेसमोर पेन्सिलीने नाव खरडलं आणि वही ढकलली. "अंगठा द्या." मग फडकं दिसलं. "बरं, पोरीला सही करू दे."

पूर्वी वाकली. आजच्या तारखेपुढे, दुसऱ्याच नावाखाली, पुसलेली 'जनी' अजून दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, चुकलेलं गणित माझ्याकडे खुशाल द्या. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं नाव मात्र देऊ नका. तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, पण रबराला तोंड नसतं.

पूर्वीने दप्तरातलं निळं बॉलपेन काढलं आणि पुढच्या महिन्यासमोर नुकतंच खरडलेलं आजीचं नाव अक्षर न् अक्षर गिरवलं. मग तारीखही गिरवली.

"ए, काय करतेस?" भगवानरावांनी मला दाबून घासलं. कागद काळा झाला, मी झिजलो. नाव गेलं नाही.

पूर्वीने वही आपल्याकडे ओढली. आजीच्या खालच्या ओळीतलं पेन्सिलीतलं नाव वाचलं, आणि पेन तसंच उघडं धरून रांगेकडे वळून विचारलं, "चिंधी वाघे कोन हाय?"