नऊ अमावस्या

रहीमभाईंनी आयुष्यभर कापूस पिंजून गाद्या भरल्या, पण एवढी मोठी वर्गणी कधी गोळा केली नव्हती. लेक नाहीद नर्स. दिल्लीच्या एका संस्थेनं तिला वर्षभरासाठी आफ्रिकेत, मलावीला पाठवायचं ठरवलं होतं. बाळंतिणीचा रक्तस्राव कसा थांबवायचा, हे तिथल्या सुईणींना शिकवायचं. पगार नाही, वर जाण्याराहण्याचा खर्च ज्याचा त्यानं उभा करायचा. अडीच लाखांवर रक्कम, तीही पंधरा नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्याला.

रहीमभाईंनी डोकं लढवलं. नव्या वर्षाचं मोठं कॅलेंडर घुग्घुसच्या दुकानात टांगलं आणि दिवस विकायला काढले. सातशे रुपयांना एक दिवस. ज्याचा दिवस त्याचं नाव चौकोनात. खाणीतली माणसं पाळी सुटली की मोटारसायकल लावून यायची, पोराचा वाढदिवस नाहीतर आईच्या श्राद्धाचा दिवस शोधायची आणि नाव घालून जायची. मोहल्ल्यानं सगळे जुम्मे उचलले. एका चौकोनात दोन नावं मात्र रहीमभाई घालू देत नसत. ती त्यांना बेइमानी वाटे.

फसले ते एकाच ठिकाणी. कॅलेंडर आणलं तिथीवालं. दर अमावस्येला काळा गोळा छापलेला. परमुलखात निघालेल्या पोरीसाठी अमावस्येला नाव कोण घालणार? लक्ष्मीपूजनाची आणि पोळ्याची तेवढी झटक्यात गेली, सर्वपित्री एका म्हाताऱ्यानं बापाच्या नावानं घेतली. बाकी नऊ कोऱ्याच. रहीमभाईंनी स्वतःजवळचं होतं नव्हतं ते पहिल्याच आठवड्यात ओतलं होतं. आता दुकानात फक्त कापूस उरला होता.

नाहीद त्या नऊ कोऱ्या चौकोनांवर आस लावून बसली होती. तिला जायचंच नव्हतं. अर्ज केला तेव्हा मे महिना होता. जुलैत, ती ड्युटीवर होती त्या भामरागडपलीकडच्या एका गावात, पुरानं रस्ता तुटलेला असताना, कमळा नावाची बाई बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. नदी उतरायची वाट बघत नाहीद सहा तास तिच्या पोटावर हात दाबून बसली. पोरगी वाचली, कमळा गेली. जे आपल्याला जमलं नाही, ते दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं शिकवायचं?

पण हे बोलणार कुणाजवळ? तीनशे छप्पन्न नावं भिंतीवर होती. चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. भाजीवाली कोथिंबिरीचे पैसे घेत नव्हती. एवढ्या प्रेमानं एखाद्याची कोंडी करता येते, हे नाहीदला पहिल्यांदाच कळत होतं. सुटायची वाट एकच, ते नऊ चौकोन.

पंधरा तारखेला दुपारी साडेचारला ती दुकानात बसून घड्याळाकडे बघत होती आणि त्याची तिला लाजही वाटत होती. तेवढ्यात पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला. मुखरू, कमळाचा नवरा. धानाच्या कापणीतून उठून, एसटी बदलत बदलत दीड दिवसाचा प्रवास करून आलेला. नाहीदला वाटलं, हा जाब विचारायला आला. विचारला असता तर बरं झालं असतं.

"आमच्याकडच्या दवाखान्यातल्या रीताबाईनं सांगतलं, तुमचे अवसेचे दिवस खपून नाई राह्यले," तो म्हणाला. त्यानं दुपट्ट्याची गाठ सोडून नोटा गादीवर ठेवल्या. "गावानं वर्गणी केली. साऱ्या अवशी कमळाच्या नावानं लिवा. अवसेलेच गेली ते."

रहीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेन उचललं.

"थांबा, अब्बा." नाहीद उठली. "मुखरूभाऊ, पैसे वापस न्या. मले जायाचं नाई. कमळा माह्या हाताखाली गेली. मले भेव वाटते."

अब्बांचा हात तसाच राहिला. चार महिने आत दाबून ठेवलेलं बाहेर पडलं, आणि क्षणभर नाहीदला खरंच मोकळं वाटलं.

मुखरू रागावला नाही. पायरीवर बसला.

"भेव तं मलेबी वाटते, बाई. चार महिन्याची पोरगी हाय घरी. रडते तं समजत नाई, काऊन रडून राह्यली. रोज वाटते, कोनाले देऊन टाकावं अन् निंगून जावं. पन मले नाई जमत, असं सांगू कोनाले?" त्यानं नोटा थोड्या पुढे सरकवल्या. "सहा घंटे तुमी हात उचलला नाई. म्या पाह्यलं. तितकंच शिकवा त्या बायांले. बाकी काई नाई."

नाहीदला त्याचा संताप आला. मग त्या संतापाचीच शरम वाटली. ज्याचं तिच्याकडे सर्वांत मोठं मागणं निघत होतं, त्याच माणसानं सुटायची उरलेली एकुलती एक फट बुजवली होती, तीही स्वतःसाठी काही न मागता.

रहीमभाई पेन धरून तिच्याकडे बघत होते. पाच वाजायला आले होते.

"लिहून टाका, अब्बा," ती म्हणाली.