बसून घेतलेलं माप

“बाही अडुसष्ट सेंटिमीटर,” मास्तरांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं. “पाय बाहेरून एकशे चौदा. कंबर बहात्तर. अजून वाचू?”

कारखान्यातली सगळी मशिनं थांबली. पुढचं वाचायची गरजच नव्हती. हे आकडे ज्या वहीत होते ती वही मापवालीच्या टेबलाच्या खणात होती, आणि आकड्यांचं अक्षरही तिचंच होतं.

मोटार शर्यतीतले चालक जे सूट घालतात, ते इथे शिवले जायचे. आग धरत नाही असं कापड, तेही तिहेरी. आणि दोरासुद्धा न जळणारा. मापं ती घ्यायची. नऊ वर्षं हेच काम केल्यामुळे तिचं नाव मागे पडलं होतं आणि मास्तरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला मापवाली म्हणायचे.

निळा संघ आपला दोन नंबरचा चालक बदलणार होता. ही गोष्ट संघाने अजून बाहेर फोडली नव्हती. सुटाच्या ऑर्डरवरही नाव नव्हतं, नुसताच आकडा होता: सतरा. आणि काल, रविवारी, शर्यतीच्या शौकिनांच्या इंटरनेटवरच्या एका पानावर सतरा नंबरची मापं जशीच्या तशी झळकली.

“सकाळी सातला संघाच्या माणसाचा फोन,” मास्तर म्हणाले. “फितूर कोण ते सांगा, नाहीतर पुढच्या हंगामाचे सूट आम्ही दुसरीकडे शिवून घेतो. पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिलीय. आता बोला.”

कळ दाबल्यासारख्या सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या, भरतकामवाल्या काकांकडे. सुटाच्या पट्ट्यावर चालकाचं नाव दोऱ्याने भरायचं काम काकांचं. अख्ख्या कारखान्यात शर्यतीतलं कळणारा तो एकच माणूस. जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या शौकिनांशी वाद घालायचे. त्यातून त्यांचं टेबल नेमकं तिच्या टेबलाला लागून.

“माझ्याकडे काय बघताय?” काका म्हणाले. “मी नावं भरतो. मापांशी माझा काय संबंध?”

“नाव भरणाऱ्यालाच नावाची घाई असते, काका,” मास्तर म्हणाले आणि आत गेले.

तेव्हा तिने एक गोष्ट केली. खणातली वही उचलली, लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. काका बघत होते. त्यांनी चष्मा लावला, मशीनची सुई काढली आणि स्वच्छच असलेली ती सुई पुसत बसले.

जेवणाच्या सुट्टीत तिने ते पान स्वतः उघडलं. मास्तरांनी आकड्यांपुढचं वाचलंच नव्हतं. पुढे लिहिलं होतं: बाही अडुसष्ट, पाय एकशे चौदा, म्हणजे गडी सहा फूट दोन इंचांच्या खाली नाही. म्हणजे लाल संघाचा लंबूच. समझनेवालों को इशारा काफी.

तिला हसूच फुटलं. सतरा नंबर मापाला आला तेव्हा उंचीने जेमतेम तिच्या कानापर्यंत पोचत होता आणि ती काही ताडमाड नव्हती. पण चालक सूट घालून उभा थोडाच राहतो? त्याचं माप बसवून घ्यायचं. कारखान्यात त्यासाठी एक लाकडी बैठक होती. तिच्यावर रेलायचं, गुडघे वर, हात चाकावर. कोपर वाकलं की बाही वाढते, गुडघा वाकला की पाय वाढतो. हाच सूट घालून तो माणूस उभा राहिला तर घोट्याशी कापडाचा ढीग जमतो. ही गोष्ट मास्तरांना ठाऊक होती, काकांना ठाऊक होती, झाडूवाल्या मावशींनासुद्धा ठाऊक होती.

म्हणजे सहा फूट दोन इंच हे गणित इथल्या कुणाचंच नव्हतं.

घास तोंडातच राहिला. वही कारखान्याबाहेर जात नसे. पण मापांची चिठ्ठी जायची. मुलगी झाल्यापासून मास्तरांनी तिला सवलत दिली होती. तीनला घरी जायचं आणि कापायच्या आधीचे कागदी आराखडे घरी बसून काढायचे. मुलगी शेजारी लोळत असायची, हिचं काम चालू असायचं. सतरा नंबरची चिठ्ठी शुक्रवारी घरी गेली होती आणि शनिवार-रविवार कपाटाच्या दाराला आतून टाचलेली होती.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या आठवड्यात तिने घरातल्या प्रत्येक वस्तूकडे पोलिसी नजरेने पाहिलं. टाचणी सरकलीय का? कपाटाचं दार मी पूर्ण लावलं होतं की अर्धं? नवऱ्याने “आज दमलीस का गं?” असं विचारलं तरी, आजच का विचारतोय, असं वाटायचं. पण खरा संशय होता तो अँटेनावर. अँटेना म्हणजे घरोघर केबल जोडून देणारा नवऱ्याचा मित्र. तो दर रविवारी शर्यत बघायला यायचा आणि पाणी प्यायच्या निमित्ताने घरभर फिरायचा.

कारखान्यात काकांशी कुणी बोलत नव्हतं. ते डबा घेऊन फाटकाशी जाईनासे झाले होते. मशीनपाशीच पाठ करून जेवायचे. ती मधल्या वाटेने जाताना त्यांची पाठ बघायची आणि स्वतःला सांगायची, रविवारपर्यंत थांबू, नक्की कळू दे.

रविवारी दुपारी घरात खुर्च्या पुरेनात.

हे नवलच होतं. महिन्यापूर्वी दोघंच यायचे, अँटेना आणि गुरुजी. गुरुजी भूमितीचे निवृत्त शिक्षक. वळणाचा कोन बघून कोण कुठे घसरणार ते सांगायचे आणि ते बहुधा चुकायचं. एकेकाळी नऊ जण येत. मग एक बदलून गेला, एक क्रिकेटला लागला, बाकीचे मोबाइलवर शेवटची दोन मिनिटं बघून समाधान मानायला लागले. आज मात्र सहा जण होते आणि एक तर उंबऱ्यावरच बसला होता. ती चहाचा ट्रे घेऊन आली.

“प्रेक्षकांची गॅलरी बघा,” गुरुजी म्हणत होते. “उत्तरेकडची. कॅमेरा तिकडे वळतच नाहीये. मागच्या वेळीही नाही वळला. हे उगाच नाही.”

“माणसंच नाहीत तर काय दाखवतील?” उंबऱ्यावरचा म्हणाला.

“माणसं राहतील कशी? निकाल आधीच ठरलेला. चाक बदलायला चार सेकंद जास्त लागले, ते काय हात घामेजले म्हणून?”

“कुठंतरी पाणी मुरतंय,” अँटेना म्हणाला. “निळ्या संघाच्या साहेबांना जावयाच्या हातात संघ द्यायचाय. दोन नंबरवाला साहेबांच्या भावाचा माणूस. म्हणून तो नको.”

“आणि लंबू हवा? त्याचे गुडघे त्या गाडीत मावणार कसे, तेवढं सांग,” उंबऱ्यावरचा म्हणाला.

“गाडीच बदलतायत.” अँटेना तिच्या नवऱ्याकडे वळला. “सांगा भाऊ, तुम्हीच सांगा यांना.”

तिचा हात ट्रेवर थांबला. भाऊ? तुम्ही? नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर विहिरीसारख्या अंधाऱ्या चौकोनात दोरांशी एकटा. या मंडळींत तो कायम ‘ए लिफ्ट, वर जाऊन चहाचं बघ’ एवढाच होता. आणि आज तो मधल्या खुर्चीत बसला होता, पाठ ताठ, आणि सगळे गप्प होऊन त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“एवढ्यात काही सांगत नाही,” तो सावकाश म्हणाला. “पण हंगाम संपायच्या आत कळेल.”

“बघा, बोलले की नाही भाऊ?” अँटेना म्हणाला. “वहिनी, तुमच्या घरात केवढा माणूस आहे, तुम्हाला पत्ता नाही.”

ती आतल्या खोलीत आली. मुलीने आईची मापाची टेप पिशवीतून काढून बाहुलीच्या हाताला लावली होती.

“सोने, टेप कशाला गं काढलीस?”

“हिचा हात मोजते. बाबाचा मोजला ना, तसा.”

“बाबाचा?”

“बाबाने कागदात बघितलं. मी टोक धरलं.” मुलीने बाहुलीचा हात ताणून सरळ केला. “असा सरळ. हलायचं नाही.”

बाहेर कुणीतरी कुणाला मागे टाकलं असावं. एकदम गलका झाला. त्यात नवऱ्याचं हसणं तिला वेगळं ऐकू आलं. लग्नाच्या सुरुवातीला तो तसा हसायचा. ती मुलीशेजारी बसून राहिली. शर्यत संपेपर्यंत बाहेर गेली नाही.

संध्याकाळी तो खुर्च्या शेजाऱ्यांना परत करून आला. तिने कपाटाचं दार उघडून धरलं.

“उभा राहून हात मोजलास ना?”

तो टाचणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पान अँटेनाचं आहे. तुझं नाव नाही सांगितलं, शप्पथ. कारखान्याचंही नाही.”

“का पण?”

“मागच्या महिन्यात गुरुजी निम्म्यातून उठले. म्हणाले, तिघंच बसून बघण्यापेक्षा घरी एकट्याने बघितलेली बरी. दाराशी चपला घालताना म्हणाले.” तो जमिनीवर बसला. “मला वाटलं संपलं. पुढच्या रविवारी कुणीच येणार नाही. मग चिठ्ठी दिसली. मी फक्त बाही सांगितली गं आधी. तर अँटेनाने पायही विचारला, कंबरही.”

“उद्या मुदत संपतेय. मापं काकांनीच फोडली म्हणून मास्तर त्यांना काढतायत.”

“कुठल्या काकांना?”

तिने सगळं सांगितलं, बसून घेतलेल्या मापासकट. तो ऐकत होता. मग घाईघाईने म्हणाला, “पण ते चुकीचंच निघालं ना? लंबू नाहीच म्हणतेस. मग कुणाचं काय बिघडलं?”

“चुकीचं निघालं म्हणूनच कळलं, कुठून निघालं ते.”

मुलगी बाहुलीला घेऊन दोघांच्या मध्ये येऊन बसली. त्याने तिच्या केसांतून हात फिरवला. “तू सांगितलंस तर तीनला सुटणं बंद होईल. हिला संध्याकाळपर्यंत कोण बघणार? आणि काका तसेही साठीला आलेत…”

वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याने मान खाली घातली. खरं तर त्याच्या बोलण्यातली पहिली दोन वाक्यं आठवडाभर तिच्याही मनात होती; त्याने ती मोठ्याने म्हटली इतकंच.

मग तो म्हणाला, “पुढच्या रविवारी काय सांगू त्यांना?”

“जे आहे ते.”

“येणार नाहीत मग.”

तिने कपाटाचं दार लावून टाकलं.

सोमवारी ती पोचली तेव्हा काकांनी दोऱ्याची रिळं मशीनवरून उतरवून खोक्यात रचायला घेतली होती. रंगवार. मास्तर टेबलापाशी उभे होते.

“मास्तर, मापं माझ्या घरून फुटली.”

“कुणी फोडली?”

“माझ्या घरून. जबाबदारी माझी. त्या पानावर पुढे उंची लिहिलीय, वाचा. सहा फूट दोन इंच. आपल्यातलं कुणी असं लिहील का?”

मास्तरांनी वाचलं. परत वाचलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. “किल्ली दे,” ते म्हणाले. तिने कपाटाची किल्ली दिली. “मापं उद्यापासून दुसरी कुणीतरी घेईल. कागद घरी जाणार नाही. सगळ्यांबरोबर सहाला सुटायचं. आपणहून आलीस म्हणून काढत नाही. पण संघाला मला काहीतरी करून दाखवावं लागेल.”

“हो.”

काका खोक्यातून एकेक रीळ परत मशीनवर चढवत होते. ती त्यांच्या टेबलाशी थांबली.

“काका, त्या दिवशी मी वही कुलपात ठेवली.”

“पाहिलं मी.”

“चुकलं माझं.”

त्यांनी निळ्या दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून सुईत ओवलं. “नवरा कुठल्या संघाचा?”

“निळ्याच्या.”

“तरीच,” काका म्हणाले. “निळ्यावाल्यांना माणूस कधी ओळखता आला नाही. पाच वर्षांत चार चालक बदलले.”

एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत, आणि तिने विचारलंही नाही.

तिला मागच्या शेडमध्ये पाठवलं. शर्यतीच्या मैदानावरून नवीन ऑर्डर आली होती: उत्तरेकडच्या गॅलरीतल्या रिकाम्या खुर्च्यांच्या ओळींवर पसरायचं जाहिरातीचं कापड. दूरवरून, चुकून कॅमेरा वळलाच, तर रंगीत काहीतरी दिसावं म्हणून. त्याला ना बाही, ना पाठ. नुसती सरळ शिवण, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मग पुन्हा.

तीन वाजले तसे सवयीने तिचे पाय मशीनवरून खाली आले. एव्हाना घराशेजारच्या मावशींकडे मुलगी झोपून उठली असेल. आज साडेचारला बाबा घ्यायला येणार, हे तिला सांगून ठेवलं होतं; तो येणार म्हणाला होता. मग तिने कापडाचा पुढचा पट्टा ओढून घेतला.

“टोकाला एकच शिवण पुरे आहे,” शेडमधली बाई म्हणाली. “बसायला कोण येतंय त्याच्यावर?”

“वाऱ्याने उसवेल,” ती म्हणाली आणि तिने टोकाला दुहेरी शिवण घातली.