चाळीस गुंठ्यांची तपासणी

रविवारी दुपारी व्यंकट दुबलगुंडीला आला तो कागदांचं भेंडोळं काखेत मारून. सुभद्राबाई खुरपणीवरून येऊन नुकत्याच टेकल्या होत्या. कंबर म्हणत होती, आता उठू नको. पोराचं उतरलेलं तोंड बघितलं आणि उठून ताट वाढलं.

तालुक्याच्या गावाला नवी खांडसरी, म्हणजे साखरेचा छोटा कारखाना, निघाली होती. मालक हौशी. त्यानं अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आणला आणि व्यंकटला त्याच्यापुढं बसवलं. एकेका शेतकऱ्याच्या उसाच्या रानांची बेरीज कॉम्प्युटर करायचा, त्यावर तोडीची पाळी लागायची. यादी दोनदा चुकली. शनिवारपर्यंत बरोबर झाली नाही तर घरी बस, म्हणाला मालक.

"माय, चूकच सापडंना. प्रोग्राम तपासायला दुसरा प्रोग्राम लिवलाय मी. बटन दाबलं की वीस हिशेब आपोआप तपासतंय. वीसच्या वीस बरोबर."

"कधी चूक म्हणलंय का त्यानं?"

"न्हाई. एकदाबी न्हाई."

"मग कशाला पोसायलास? मी केलेल्या सगळ्याला चांगलं म्हणणारी सून असती, तर तिला मी कवाच माहेरी धाडली असती." सुभद्राबाईंनी पाठ भिंतीला टेकली. "हिशेब वाच तुझे."

व्यंकटनं वाचले. एक एकर अन् दोन एकर. एक एकर दहा गुंठे अन् दोन एकर दहा गुंठे.

"सगळी गरीब गायीसारखी रानं. आपलं अन् राघोबा भावजींचं वाटणीचं रान घाल. एक एकर पंचवीस गुंठे त्यांचं, तेवढंच आपलं. किती?"

व्यंकटनं कागदावर प्रोग्रामच्या रीतीनं मांडलं. "दोन एकर पन्नास गुंठे," म्हणाला आणि तोंडातला घास तसाच राहिला.

"चाळीसला एकर भरतोय, हे शेंबड्या पोराला ठावं हाय. पन्नास गुंठे कुठं बघितलास रे? तीन एकर दहा. तपासणाराबी तूच लिवलास. तुला सुचलं न्हाई ते त्याला कुठून सुचंल?"

मग त्यांनी भांडणाची, वाटणीची, बांध कोरलेली रानं आठवून आठवून चौदा हिशेब सांगितले. "उत्तर आधी लिव. यंत्राला मागनं विचार." बोलून बोलून घसा बसला.

गुरुवारी व्यंकट पुन्हा दारात. चौदातले नऊ चुकले होते. प्रोग्राम दुरुस्त केल्यावर एकच राहिला होता.

"एक पस्तीस, दोन तीस अन् नुसते अडतीस गुंठे. तू पाच एकर तेरा सांगितलीस. ते तेवीस म्हणायलंय." तो चाचरला. "माय, प्रोग्राम बदलू का?"

सुभद्राबाईंनी बोटं मोजली. एकशेतीन गुंठे. दोन एकरांचे ऐंशी गेले. पुन्हा मोजली. या घरात त्यांच्या बेरजेत आजवर कुणी चूक काढली नव्हती.

"खोड माझं," त्या म्हणाल्या. "तेवीस लिव. अन् विचारायला इतक्या लांब कामून आलास? स्वतः मोजता येत न्हवतं?"

"मोजलो. तुला न विचारता खोडायची हिंमत न्हवती."

शनिवारी मालकानं यादी ठेवून घेतली. नोकरी राहिली. रविवारी व्यंकट आला तेव्हा सुभद्राबाई आडव्या होत्या. त्यानं तपासणीसाठी आणखी सहा अवघड रानं विचारली आणि त्यांनी डोळे न उघडताच सांगायला सुरुवात केली.