भर दुपारचं घुबड

प्रोजेक्टरमधून घुबडाचा फोटो भिंतीवर पडला, खोलीतून ‘वा!’ आलं आणि एक्स-रेवाले खुर्चीत अंग चोरून बसले. दवाखान्यात तीस वर्षं लोकांची हाडं तपासलेला हा माणूस, पण फोटो मंडळाच्या बैठकीत दर महिन्याला मागची रांग शोधायचा. नियम साधा होता. फोटो बिननावी लावायचा, बाईंनी त्याची चिरफाड करायची आणि शेवटी ज्याचा असेल त्यानं उभं राहायचं. नाही राहिला, तर कोणी नाव विचारायचं नाही.

बाईंनी उभा जन्म पक्ष्यांच्या अभ्यासात घालवलेला. जीभ अशी, की भलेभले घाम पुसत घरी जायचे.

“पंख पूर्ण उघडलेत, डोळे लख्ख आलेत,” बाई म्हणाल्या. “असं उडतं घुबड इथे अजून कोणी आणलं नव्हतं.”

शेजारी बसलेल्या बायकोनं एक्स-रेवाल्यांना कोपरानं ढोसलं. “बघा! उगाच आठवडाभर जीव टांगणीला लावलात.”

“पण ऊन बघा, पार डोक्यावरचं,” बाई पुढे म्हणाल्या. “भर दुपारी घुबड आपणहून कशाला ढोली सोडेल? कोणीतरी खोड बडवलंय.”

एक्स-रेवाल्यांनी कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायानं खोडावर दोनदा ठोकलं होतं. दोनदाच तर, असं ते रोज स्वतःला समजावत होते.

बाईंनी भिंतीजवळ जाऊन घुबडाच्या पोटावर बोट टेकवलं. “इथे पिसं विस्कटलीत, आत उघडी कातडी दिसतेय. अंडी उबवायच्या दिवसांत मादीची इथली पिसं गळतात, अंगाची ऊब थेट अंड्यांना लागावी म्हणून. ही अंड्यांवरून उठलीये.”

अरे देवा! फोटो मोठा करकरून त्यांनी शंभरदा डोळे तपासले होते. नजर मानेखाली एकदाही गेली नव्हती. परक्याच्या बरगडीतली केसाएवढी चीर शोधणाऱ्या माणसाला हे दिसू नये?

बाई खुर्चीत बसून वाट बघू लागल्या.

“उठू नका हं,” बायको कुजबुजली. “चारचौघांत शोभा होईल. नाव कुठे लिहिलंय त्यावर?”

ते उठले.

“माझा आहे.”

बाई ताडताड बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, “परत आली का हो ती?”

“माहीत नाही.”

“गेली कुठल्या बाजूला?”

“तेही... मी कॅमेऱ्यात बघत होतो, बाई. फोटो नीट आलाय का, ते.”

“बसा,” बाई म्हणाल्या.

त्यांना बसवेना.