डुगडुगती खुर्ची

खोलीत शिरताच नवऱ्याने गुडघे टेकले आणि बायकोची खुर्ची उलटी केली.

“बाई, हिचा सांधा सुटलाय. हिच्यावर बसून संसार सावरायचा राहील बाजूला, कंबर मोडेल.”

समुपदेशक बाई हसल्या. बायको हसली नाही. सुताराला परक्या खुर्चीचा सांधा बरोबर दिसतो, हे वाक्य तिने ओठांवरच आवरलं. त्याने स्वतःची खुर्ची तिला दिली आणि तो कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्या पलीकडे बसला.

ही सहावी, शेवटची भेट. संध्याकाळपर्यंत तिला वेगळं राहण्यासाठी पाहिलेल्या एका भाड्याच्या खोलीबद्दल हो किंवा नाही कळवायचं होतं. ते त्यालाही ठाऊक होतं. तिची तक्रार बारा वर्षं एकच: हा ऐकतच नाही. त्याचीही एकच: ही तोंडातल्या तोंडात बोलते.

बाईंचा नेहमीचा सराव सुरू झाला. तीन मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून ते परत सांगायचं. मागच्या पाचही भेटींत त्याने मान डोलावून भलतंच काहीतरी सांगितलं होतं. म्हणून आज ती कसलीच आशा न धरता, हळू आवाजात, समोरच्या भिंतीकडे बघत बोलली.

तिचं संपल्यावर तो म्हणाला, “तुझे बाबा दवाखान्यात होते. तू गाडीत म्हणालीस, मला भीती वाटते. आणि मी रेडिओ लावला.” तो थबकला. “हे कधी म्हणालीस? शपथ, मी ऐकलंच नव्हतं गं.”

“बघा, सरावाने जमतं,” बाई म्हणाल्या.

कानाच्या दवाखान्यात ती रोज काचेमागे बसून लोकांची श्रवणचाचणी घ्यायची. निकाल बदलला तर आधी काय बदललं ते शोधायचं, ही तिची जुनी सवय. आवाज तोच होता, माणूस तोच होता. बदलली होती फक्त बाजू: आज ती त्याच्या उजवीकडे होती. गाडीत ती त्याच्या डावीकडे असायची. जेवताना, झोपतानाही. आणि कारखान्यातलं करवतीचं यंत्र त्याच्या डाव्या हाताला होतं.

“जागा बदलू या,” ती उठली. “समोर बघ. माझ्याकडे नको.”

त्याच्या डावीकडे स्टुलावर बसून ती तितक्याच हळू एक वाक्य बोलली. बाईंचं पेन थांबलं. तो भिंतीकडे बघत वाट पाहत राहिला.

“बोल ना,” शेवटी तो म्हणाला. “कर सुरू.”

तिने त्याच्या डाव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासली. तो हलला नाही. उजव्या कानाजवळ घासली, तशी त्याने मान वळवली.

“मला वाटायचं, तू रागावून हळू बोलतेस,” डावा कान चाचपत तो म्हणाला.

“आणि मी दिवसाला वीस कान तपासते.”

“घरचे दोन तेवढे राहिले.”

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“मग, झालं का आपलं काम?” बाईंनी विचारलं.

“नाही हो. कानाचं मी बघते. पण मी एकदाही पुन्हा सांगितलं नाही, यानेही एकदा विचारलं नाही. ते तुमच्याकडे. पुढची तारीख द्या.”

“येताना हत्यारं आणतो,” तो म्हणाला. “खुर्ची नीट करून देतो.”

“तुमचे फार उपकार झाले,” ती बाईंना म्हणाली. निघताना तिने उलट्या पडलेल्या खुर्चीच्या पायावरूनही हात फिरवला.

जिन्यात तो थांबला.

“मघाशी डावीकडून काय म्हणालीस?”

काही नाही, असं म्हणायची तिला बारा वर्षांची सवय होती. ती त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि तितक्याच हळू म्हणाली,

“मला ती खोली घ्यायची नाहीये.”

त्याने कठडा धरला.

“हे ऐकू आलं,” तो म्हणाला.