नवव्या डावाचा भोपळा

मी पत्र्याचा भोपळा बोलतोय. हसू नका, आधी ऐका. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं काढलेलं शून्य, तेच मी. आयोवात मक्याच्या रानाला लागून बेसबॉलचं मैदान हाय, तिथल्या मागच्या भिंतीवरच्या धावफलकासाठी मला केलं.

सुटा भोपळा रोजच लागतो, त्यात काय मोठं? पण समोरच्या संघाच्या रांगेत पहिल्या डावापासनं नवव्यापर्यंत नुसते भोपळेच लागले, तर तो खरा सण. मी नवव्या, म्हंजे शेवटच्या डावाचा, सणापुरताच राखलेला. त्या सणाची वाट बघत कोपऱ्यात धूळ खात पडलेला.

आम्हाला टांगायचा मान व्हर्ल डंकलीचा. म्हातारा डुकरं पाळायचा अन् सामन्याला फलकामागं बसायचा. तोंडाचा लई फाटका. त्याचा जावई लॉनी ह्याच मैदानाच्या संघात चेंडू फेकायचा.

"चेंडू फेकून पोट भरतंय व्हय? ये की माझ्या डुकरांवर," सासरा रोज टोचायचा.

"तुमच्यापरीस डुकरं बरी बोलत्यात. पण यायचा न्हाई मी."

त्या रविवारी मॅनेजरनं लॉनीला सकाळीच सुनावलं, "वय झालं तुझं. आज एक जरी धाव दिलीस, तर सांजच्याला बॅग भर."

मग काय, गडी पेटला! समोरच्यांना एक धाव काढू देईना. माझी भावंडं पटापटा खिळ्यावर चढली. आपल्या पोरांनी कशीबशी एक धाव काढलेली, तेवढ्यावरच सगळी मदार.

बाकावर लॉनीशेजारी कुणी बसंना, कुणी बोलंना. ह्या लोकांचा रिवाजच तसा. गडी भोपळे पाडत असला की भोपळ्याचं नाव काढायचं न्हाई, दृष्ट लागती म्हणं. पाण्याचा पेलाबी लांबनंच सरकवला, जशा त्याला देवी आल्यात. चंद्रावर जाऊन आलेली माणसं ही, अन् भ्यायची कुणाला? मला!

नववा डाव आला. समोरचे दोन गडी बाद. तिसऱ्याचे दोन फटके हुकलेले, अजून एक हुकला की खेळ खल्लास. अन् तिथं म्हाताऱ्याला दम निघंना. गडी बाद व्हायच्या आधीच त्यानं मला उचलून खिळ्यावर टांगलं!

मैदानभर बोंब उठली, दृष्ट लावली म्हणून! लॉनीनं वळून मला बघितलं अन् तावातावानं भिंतीपर्यंत चालत आला.

"मुद्दाम केलंत! मी बाहेर पडलो की डुकरांना गडी मिळतोय तुम्हाला!"

"आरं गाढवा, मला वाटलं झालंच आता..."

"वाटायचं न्हाई! काढा तो भोपळा!"

"सासरा-जावयाचं भांडण घरी करा," अंपायर ओरडला. "चेंडू टाक!"

म्हाताऱ्यानं मला काढून छातीशी धरलं. त्याचं काळीज माझ्या पत्र्यावर धाडधाड आपटत व्हतं. देवाचं नाव कधी न घेणारा माणूस पुटपुटत व्हता, "देवा, डुकरं मी एकटा राखीन मरंस्तोवर. पोराची भाकर ऱ्हाऊ दे."

लॉनीनं चेंडू टाकला. टोला असा बसला की चेंडू थेट आमच्याच अंगावर. भिंतीपार गेला असता तर धाव झाली असती, लॉनीचं संपलंच व्हतं. भिंतीपाशी उभा असलेला आपला गडी उडाला. धप्प! फळ्या हादरल्या. चेंडू त्याच्या हातमोज्यात, समोरचा बाद!

म्हाताऱ्याला खिळा सापडंना. शेवटी लॉनीच मागनं आत आला, मला हिसकावलं अन् टांगलं. अन् म्हाताऱ्याकडं पाठ फिरवून निघून गेला.

लॉनीनं पुढं आणखी काही वर्षं चेंडू फेकले. म्हातारा गेला. मैदानावर विजेचा फलक आला, अन् आता मी डुकरांच्या शेडच्या दारावर ठोकलेलो हाय. लॉनीनंच आणलं मला. आता डुकरं तोच राखतो. कुणी पाहुणा आला की मला टिचकी मारून हसतो, "सासऱ्यानं मुद्दामच टांगला व्हता बरं का!"

गंजलोय मी. भोपळ्याचं ऐकतंय कोण? तुमच्यापैकी कुणी तिकडं गेलंच, तर म्हातारा मला छातीशी धरून काय पुटपुटला ते तेवढं सांगा त्याला.