माझ्या पाठीवरचं निरम

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. थळच्या बंदराजवळ उंडीचं मोठं झाड आहे ना, त्याच्या सावलीत मी उभी असते. माझ्या बॉनेटवर कोंबड्या बसतात आणि टपावर जाळी वाळत घालतात. पण म्हणून मला बिचारी समजू नका हं! माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या मरणाची आहे. म्हणजे, होता होता राहिलेल्या मरणाची.

माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला. मला लढाईसाठी घडवलं, शेवाळी रंग फासला आणि जहाजात कोंबून मुंबईला धाडलं. मी पोचते तोवर लढाई संपलीसुद्धा! मी एकही गोळी पाहिली नाही. माझ्या वयाच्या बाकीच्या गाड्या थापा मारतात, मी मारत नाही. मग आम्हाला लिलावात काढलं आणि देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी थळच्या हिरामण नाखव्याने मला घेतलं.

हिरामणचे वडील वारले होते आणि त्यांची होडी कुजली होती. नवी होडी घ्यायची की गाडी? हिरामणने गाडी घेतली. कोळीवाड्यात केवढा हशा पिकला! "नाखवा आता चाकांवर दर्या मारनार!" असं म्हणून माणसं पोट धरून हसली. पण मी दारात आले तेव्हा तीच माणसं मला हात लावून बघायला धावली. काय ऐट होती माझी!

हिरामणची आई सोनाबाई, म्हणजे घराचं सुकाणूच. तिने नव्या होडीची पूजा करतात तशीच माझी पूजा केली. गुलाल उधळला, माझ्या नाकासमोर नारळ फोडला आणि मग मागे येऊन माझ्या हौद्यात डोकावली.

"हिरामण, हिला निरम कुठं हाय रं?"

मित्रांनो, निरम म्हणजे काय ते आधी सांगते. रिकामी होडी पाण्यावर हलकी पडते आणि वाऱ्याने पालथी होऊ शकते. म्हणून तिच्या तळाशी वजनाला दगड भरतात. तेच निरम.

"आये, ही गाडी हाय," हिरामण म्हणाला.

"मंग? रिकामी न्हेशील तवा वारा काय तुझा मावसभाऊ हाय?"

सोनाबाईसमोर वारासुद्धा बोलत नसे. जुन्या होडीतले ते काळेभोर, गुळगुळीत दगड हिरामणच्या वडिलांनी खांदेरी बेटाच्या खडकांतून एकेक निवडून आणलेले होते. ते माझ्या हौद्यात रचले गेले. वर त्याच होडीच्या फळ्या ठोकल्या. फळ्यांवर मासळीच्या टोपल्या आल्या, आणि दगडांचा विषय तिथेच संपला. होडीतल्या माणसाला निरम आठवत नाही. ते असतंच, जसा पायाखाली तळ असतो.

मला मात्र ते रोज आठवत होतं.

माझे सुरुवातीचे दिवस मजेचे होते. वाळूत वाळवलेले बोंबील, सोडे, जवळा घेऊन आम्ही अलिबाग, पोयनाड, नागोठण्याचे बाजार करायचो. हिरामणची बायको केसर शेजारी बसायची. लग्न झाल्यापासून तिने डोक्यावर टोपली घेऊन अलिबागच्या वाटा तुडवल्या होत्या. माझ्यात पहिल्यांदा बसली तेव्हा तिने पायातले काटे मोजल्यासारखे पाय वर घेऊन पाहिले आणि हसली. "आता ह्या पायांना सुट्टी," म्हणाली. ते वाक्य मी इंजिनात जपून ठेवलं आहे.

पण मी पेट्रोल प्यायचे. अगदी म्हशीसारखी प्यायचे! अलिबागच्या पंपाशी थांबल्याशिवाय माझी एकही फेरी पुरी होत नसे. पंपावरची माणसं मला लांबून बघून नळी हातात घ्यायची आणि "आली, आली तहानलेली!" म्हणून ओरडायची. मला इतकी लाज वाटायची की रेडिएटर तापायचा.

हिरामणने सगळे उपाय केले. विठोबा मिस्त्रीने माझा कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, पुन्हा बसवला. प्लग बदलले. कुणाच्या सांगण्यावरून पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं, तर मी खोकून खोकून अख्खं अलिबाग काळं केलं. विठोबा मिस्त्री हुशार होता, पण माळकरी होता. मासळीचा वास सहन होत नसे म्हणून तो माझ्या पुढच्या बाजूलाच काम करायचा. नाकाला रुमाल बांधून! माझ्या पाठीमागे तो कधी आलाच नाही. मी आतल्या आत ओरडायचे, "मागे बघा हो, मागे!" पण माझा आवाज म्हणजे भोंगा, आणि तो हिरामणने दाबला तरच वाजणार.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचे दिवस होते. पावसाळ्यात दर्या बंद होतो, म्हणून आतल्या गावांतले शेतकरी त्याआधीच सुकी मासळी भरून ठेवतात. पोयनाडचा बाजार तेव्हा नुसता फुलतो! सकाळी माझ्यावर बोंबलांच्या टोपल्या चढल्या. केसर अजून घरात होती. हिरामण माझ्या केबिनमध्ये आला, काचेपाशी टांगलेला एकवीरा आईचा छोटा फोटो त्याने काढला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

घर सोडतानाच देव काढतात.

अलिबाग मागे पडलं. कार्लेखिंडीचा चढ लागला. केसरचं लक्ष काचेकडे गेलं.

"अवो, आयचा फोटो कुठं?"

हिरामणने गिअर बदलला.

"मी तुमाला इचारते."

"खिशात हाय." तो समोर बघत म्हणाला. "पोयनाडला दिनानाथशेट येनार हाय. पनवेलचा, भंगारवाला. गाडी त्याला दिली मी."

केसरने पाय वर उचलले आणि स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला न इचारता?"

"काय इचारू? हिच्या पोटात घालायचं की आपल्या?"

भंगार! मित्रांनो, घण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मुंबईच्या लिलावात माझ्या शेजारच्या गाडीचे तुकडे होताना मी पाहिले होते. माझा नट न् नट थरथरला. पण चढ चढायचा होता, आणि मी चढले, धापा टाकत, पाठीवर बोंबील आणि बोंबलांखाली ते दगड घेऊन.

खिंडीच्या माथ्यावर हिरामणने गिअर मोकळा केला आणि इंजिन बंद केलं. शेवटच्या फेरीतसुद्धा पेट्रोल वाचवायचं होतं त्याला. "उतार फुकटचा हाय," तो म्हणाला.

फुकटचं काही नसतं! आधी मी हळूच घरंगळले. मग दगडांनी मला मागून ढकललं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला टोपल्या एका बाजूला कलल्या. हिरामणने ब्रेक दाबला. ब्रेक तापले, जळका वास सुटला आणि पाय सरळ खाली गेला.

"गिअर टाका!" केसर ओरडली.

त्याने टाकून पाहिला. माझे दात करकरले, पण वेग इतका होता की गिअर पडेचना. आणि समोर, वळणाच्या तोंडाशी, मिठाच्या गोणींनी भरलेली बैलगाडी वर येत होती! गाडीवानाने बैल ओढले. बैल बुजले आणि आडवेच झाले. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला मातीचा उंचवटा. हिरामणने भोंग्यावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने सगळा जोर लावून मला मातीत घातलं.

धाड!

माझा एक दिवा फुटला. आणि त्याच क्षणी मागच्या फळ्या कडाकड मोडल्या. इतकी वर्षं दडून बसलेले दगड पुढे धावले आणि केबिनच्या पाठीवर दाणकन आपटले. मग सगळं शांत झालं. बोंबील तेवढे पानांसारखे रस्त्यावर पडत राहिले.

दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. बैलगाडीवाला धावत आला. येसाजी नावाचा म्हातारा शेतकरी होता तो. त्याने आधी माणसं पाहिली, मग माझ्या हौद्यात पाहिलं.

"आरं, बाजारात दगडं इकाया चाललास व्हय?"

केसर मागे आली. मोडक्या फळ्यांतून काळे दगड डोळे वटारून बघत होते.

"ह्ये काय?"

"निरम," हिरामण म्हणाला. आणि शब्द तोंडातून निघताच तो जागच्या जागी थांबला. वाऱ्याची झुळूक यावी तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून गेलं.

"निरम!" केसरने कमरेवर हात ठेवले. "अवो नाखवा, रस्ता कंदी पालथा व्हतो का?"

येसाजी इतका हसला की त्याचं मुंडासं सुटलं. पण हिरामण हसला नाही. त्याने एक दगड दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला.

"बाबानं आनलंय ह्ये. असं वाटंत कसं टाकू?"

"टाकू नका," केसरचा आवाज एकदम मऊ झाला. "उतरवून ठेवा. ज्येनं होडी वाचवली, त्येच्या वझ्यानं गाडी मारू नका."

दगड एकेक करून खाली उतरले. रस्त्याच्या कडेला, करवंदीच्या जाळीपाशी, नीट रचून ठेवले. ब्रेक निवेपर्यंत सांडलेले बोंबील पुन्हा टोपल्यांत भरले. येसाजीने बैल जुंपून मला मागे ओढलं आणि मित्रांनो, मी उठले! कुणी माझ्या छातीवरून डोंगर काढला असता तरी मला एवढं हलकं वाटलं नसतं.

पण भंगारवाला पोयनाडला उभा होताच. दोर घेऊन. दिनानाथशेट जाडजूड, शांत माणूस. शब्द दिलेला होता, आणि हिरामण शब्द मोडणारा नव्हता. बोंबील विकून झाल्यावर तो शेटपुढे गेला.

"शेट, एक मागतो. मी हिला थळला न्हेतो. अलिबागच्या पंपावर न थांबता दारात पोचली तर माझी. वाटंत थांबली तर जिथं थांबंल तिथून तुमची."

शेटने माझ्याकडे पाहिलं, फुटक्या दिव्याकडे पाहिलं. "या गाडीने आजवर तो पंप कधी चुकवलाय का?"

"न्हाय."

"मग मी दोर घेऊन मागे बसतो."

आणि तो खरंच बसला! हौद्यात, रिकाम्या टोपल्यांवर, मांडीवर दोर घेऊन. माझं मरण माझ्याच पाठीवर बसून चाललं होतं.

निघण्याआधी केसरने माझ्या चाकांना लाथ मारून पाहिली. थळच्या वाळूत रुतू नये म्हणून हिरामण चाकांतली हवा कमी करायचा आणि पुन्हा भरायला विसरायचा. मऊ चाकं म्हणजे ओल्या वाळूत चालणं. केसरने हवा भरायचा पंप आणवला आणि चारही चाकं टणक करून घेतली. मग टाकीत काठी बुडवून पाहिली. माझा काटा कधीच मोडला होता, म्हणून काठीच आमचा काटा. काठी ओली झाली, पण अगदी टोकाला.

परतीचा चढ. हिरामणने पाय इतका हळू ठेवला की जणू पेडलवर अंडं आहे. जरा जोर झाला की केसर म्हणायची, "पाय!" आणि तो उचलायचा. रचलेले दगड बाजूने गेले. माथ्यावर हिरामणचा हात सवयीने चावीकडे गेला.

"हात लावून बघा चावीला!" केसर म्हणाली.

उतार आम्ही गिअरमध्ये, शहाण्यासारखा उतरलो.

अलिबागचा पंप आला. नळी घेऊन माणसं उभी. "आली, आली तहानलेली!" मी त्यांच्यासमोरून निघून गेले. मागे वळून बघता येत नाही मला, पण नळी हातातच राहिली असणार! हिरामणने तेवढ्यात एकदा भोंगा दाबला. मी मनापासून वाजले.

मग माझं इंजिन अडखळलं. एकदा. पुन्हा एकदा. मागे दोराचा आवाज आला. शेट उठून उभा राहिला होता. थळच्या माडांचे शेंडे दिसत होते आणि माझ्या नळीत थेंब मोजके उरले होते. केसरने डोळे मिटले. हिरामण कुजबुजला, "चल गो बाय, चल." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला! मी उरलेला एकेक थेंब पुरवून जाळला. उंडीचं झाड आलं. दार आलं. आणि दारात मी आपणहून बंद पडले.

शेट उतरला. त्याने स्वतः काठी टाकीत बुडवली आणि बाहेर काढली. कोरडी. नाकाला लावली, हसला, आणि दोर गुंडाळायला लागला. "दारात पोचली," एवढंच म्हणाला. केसरने त्याला बोंबलांचं मोठं पुडकं बांधून दिलं.

तेवढ्यात सोनाबाई बाहेर आली. तिने आधी फुटका दिवा पाहिला, मग रिकामा हौदा.

"माझं निरम कुठं हाय?"

हिरामणने खाली मान घालून सगळं सांगितलं. सोनाबाईने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. तापलेल्या पत्र्यावर बराच वेळ ठेवला.

"एवढी वर्सं वझं व्हायलं हिनं," ती म्हणाली, "आनि आपन हिलाच शिव्या दिल्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंडीत जाऊन ते दगड आणले. यावेळी माल म्हणून, मानाने. पुढे खूप वर्षं मी बाजार केले. केसरच्या पायांना सुट्टीच राहिली. आता माझं इंजिन थकलं आहे आणि बंदराकडे जमीन थोडी उतरती आहे. म्हणून सोनाबाईने तेच दगड माझ्या चारही चाकांखाली अडसर म्हणून लावले आहेत. वारा सुटला की मी जराही हलत नाही. शेवटी म्हातारीचंच खरं ठरलं म्हणायचं!

मित्रांनो, एखादी गाडी, एखादा बैल किंवा घरातलं एखादं माणूस फार खातं, फार पितं, लवकर दमतं असं वाटलं, तर त्याला टाकून द्यायची घाई करू नका. आधी मागे जा. नाकाला रुमाल न बांधता जा. आणि त्याच्या पाठीवर आपणच काय ठेवून विसरलो आहोत, ते एकदा उचलून बघा.